हलकं पाणी

सकाळी चूळ भरून जगदेवी काचेच्या पेटीसमोर येऊन बसली, तेव्हा उरलेला शेवटचा झिंगाही कुशीवर पडलेला तिला दिसला. बोटाच्या पेरापेक्षा लहान जीव. काल दिवेलागणीला तो शेवाळाच्या तुकड्यावर बसून इवल्या चिमट्यांनी काहीबाही वेचून तोंडात टाकत होता, एकदा या हातानं, एकदा त्या हातानं, कामाला उशीर झाल्यासारखा. जिवंत असताना डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. आता उकडल्यासारखा फिकट गुलाबी. डोळे मात्र तसेच काळे. बारा होते. नऊ दिवसांत बाराही गेले. तिची लेक धनलक्ष्मी बेंगळुरूला कंपनीत होती. सुट्टीला येताना हवा भरलेल्या पिशवीत, सगळा प्रवास मांडीवर धरून, ती त्यांना बिदरला घेऊन आली होती. पेटी, बुडबुडे सोडणारा छोटा पंप, तळाची वाळू, सगळं तिनंच मांडून दिलं होतं आणि जाताना म्हणाली होती, "घरात कायतरी हलतं राहू दे माय. तुला सोबत व्हईल."

जगदेवीनं फोन लावला. धना कंपनीच्या गाडीत होती. मागं हॉर्न वाजत होते.

"समदे गेले," जगदेवी म्हणाली.

"कोण गेले?"

"झिंगे."

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला, मग हसू. "अगं माय, म्या किती घाबरले! जाऊ दे. ते लई नाजूक असतंय, तुला न्हाई जमायचं. आपल्याकडचं पाणी बी वाईट हाय. पुढच्या बारीला प्लॅस्टिकचे मासे आणते. सेलवर हलतात. ते मरत न्हाईत."

आवाजात माया होती, म्हणूनच ते आत गेलं. रागानं बोललेलं कसं झटकून टाकायचं हे जगदेवीला शेहेचाळीस वर्षांत अंगवळणी पडलं होतं. मायेनं बोललेलं कुठं ठेवायचं ते तिला कळेना. ती बिदरातल्या मैलूर भागातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, लाल दगडाच्या भिंतीला पाठ लावून बसून राहिली. पंप बुडबुडे सोडत होता, कुणासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं. प्लॅस्टिकचे मासे. म्हणजे लेकीच्या मनात आपली आई आता अशी झाली, जिच्या हाती जीव द्यायचा नाही. दिलाच तर न मरणारा काहीतरी. आणि पाणी वाईट. वाईट म्हणजे काय? अठरा वर्षं ती पाण्याच्या बाटल्यांमध्ये वावरली होती. पाणी वाईट किंवा चांगलं असतं असं तिथं कधी कुणी म्हटलं नव्हतं. पाण्यात काय आहे आणि किती आहे, एवढंच विचारत.

कॉलेजच्या रसायनाच्या लॅबमध्ये ती अटेंडर होती. रोजंदारीवरची. नवरा मल्लिकार्जुन काविळीनं गेला त्या वर्षी चिकटली, आणि दोन वर्षांपूर्वी साफसफाईचं काम एजन्सीकडं गेलं तेव्हा किल्ल्या टेबलावर ठेवून बाहेर पडली. अठरा वर्षांचा तो वास अजून तिच्या नाकाच्या मुळाशी होता: अमोनियाचा झणका, स्पिरिटचा गोडसरपणा, ओल्या लाकडी कपाटाचा. परीक्षानळ्या, चंबू, आणि त्या उंच, बारीक, आकडे कोरलेल्या नळ्या, ब्युरेट. पोरं प्रॅक्टिकल संपवून पळायची आणि ब्युरेटमध्ये निम्मं पाणी तसंच राहायचं. ओतून धुऊन टाकायचं, एवढंच तिचं काम. पण त्याआधी, लॅब रिकामी असताना, ती कुणीतरी सोडून गेलेला चंबू खाली धरायची आणि नळीची चावी सैल करायची. थेंब. थेंब. चंबूतलं पाणी जांभळट लाल, द्राक्षाच्या रसासारखं. थेंब पडला की तिथं निळा डोळा उघडायचा आणि तिनं चंबू हलवला की मिटायचा. मग एक थेंब असा यायचा की डोळा मिटायचाच नाही; सगळं पाणी निळं. त्या एका थेंबाआधी थांबता येणं आणि त्याच थेंबावर थांबता येणं यात किती फरक आहे हे तिच्या मनगटाला कळलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. एकदाच, एका मुलीच्या चंबूकडं बघून तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "बाई, निळं कवाच झालं की. चार थेंब जास्ती पडले." किशनराव सरांनी मान वर केली. ते विभागाचे प्रमुख. "जगदेवी, तुझं काम काचा धुवायचं. धू." चाळीस पोरं हसली. वाईट हसू नव्हतं ते, नुसतं पोरांचं हसू. तिनं नळ सोडला होता आणि तासभर धुतलेल्याच काचा पुन्हा धुतल्या होत्या.

तिनं चमच्यानं मेलेला झिंगा उचलून तळहातावर घेतला. टाकून द्यावा म्हणून दारापर्यंत गेली आणि उजेडात थबकली. त्याच्या मानेभोवती पांढरी रेघ होती. सबंध, गोल, दोऱ्यानं आवळल्यासारखी. तिनं डोळ्यांजवळ नेलं. वरचं कवच तिथं तडकलं होतं आणि आत दुसरं, कागदापेक्षा पातळ. तो अर्धा बाहेर निघाला होता आणि अर्धा अडकला होता. कात टाकायला निघाला आणि निघताच आलं नाही. नवं कवच भरलंच नव्हतं.  कवच कशाचं असतं? शंख कशाचा असतो, अंड्याचं टरफल कशाचं असतं? चुन्याचं. आणि तिनं पाणी कुठलं घातलं होतं? नळाच्या पाण्याला पावडरीचा वास येतो म्हणून शेजारच्या नागव्वाच्या आडातलं. लाल दगडात खोदलेला जुना आड. त्या पाण्यात डाळ टाकून मागं वळेपर्यंत शिजते. साबणाचा फेस धुऊन धुऊन निघत नाही. तांब्याची घागर आतून हिरवी पडते आणि वर्षा-दोन वर्षांत पाझरते. गल्लीतल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. सगळ्या त्याला एकच शब्द वापरायच्या: हलकं. हलकं म्हणजे चुना नसलेलं. नऊ दिवस ती त्या जिवांना उपाशी ठेवत होती, आणि उपास पाण्यातच होता.

ती उठली ते थेट आडावर गेली. दोन बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी औरादची बस धरून माहेरच्या गावी गेली आणि तिथल्या बोरची एक बाटली भरून आणली, कारण ते पाणी कसं आहे हे तिच्या जिभेला लहानपणापासून माहीत होतं. बसच्या खिडकीतून लाल माती मागं पडून काळी सुरू झाली तशी बापाची आठवण आली. बाप, मायाप्पा, मेंढरं घेऊन या काळ्या रानातून हिंडायचा. पाण्याच्या नव्या डबऱ्यावर पोचला की मेंढरांना काठीनं मागं थोपवायचा, आधी स्वतः ओंजळभर पाणी तोंडात घेऊन गालातून गालात फिरवायचा आणि थुंकायचा. "जड हाय," म्हणायचा, किंवा "हलकं हाय." त्यावर ठरायचं कुठली मेंढरं इथं थांबतील, कुठली पुढं जातील. जगदेवी सहा-सात वर्षांची, त्याच्या मागं मागं. तिनंही पाणी गालात फिरवून बघितलं होतं आणि तिला काहीच कळलं नव्हतं, नुसता गार चिखलाचा वास. तरी ती म्हणाली होती, "जड हाय." बाप हसला नव्हता. त्यानं पुन्हा ओंजळ भरून तोंडात घेतली होती आणि म्हणाला होता, "व्हय. जड हाय." तो खरं बोलत होता की तिचं मन राखत होता हे तिला या वयातही ठरवता येत नव्हतं.

कॉलेजच्या पायऱ्या चढताना तिनं बाटल्यांची पिशवी छातीशी धरली होती. किशनराव सर आता निवृत्तीला आले होते. केस पार पांढरे. पिशवीतून बाटल्या निघालेल्या बघून ते खुर्चीत मागं रेलले.

"पाणी तपासायचंय? कशासाठी?"

"झिंग्यांसाठी, सर."

"खायला?"

"पाळायला."

सर हसले. "ठेव. पोरांना सांगतो. उद्या ये."

"म्या करते, सर."

सरांनी तिच्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, जणू काही या बाबतीत घड्याळालाही विचारायला हवं होतं. "कर," ते म्हणाले.

आधी तिनं काचा धुतल्या. ते कुणी सांगायला लागत नाही. औरादकडचं पाणी मोजून चंबूत घेतलं, अमोनियाचा झणका नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंच असं तिनं ठरवलं. काळ्या भुकटीची चिमूट टाकली. पाणी जांभळट लाल झालं. मग ब्युरेटखाली चंबू फिरायला लागला. थेंब पडत राहिले, पडत राहिले, निळं व्हायचं नाव नाही. निम्मी नळी संपत आली तेव्हा कुठं रंग वळला; जेवढे थेंब जास्त, तेवढा पाण्यात चुना जास्त. जड पाणी. बाप खरं बोलत होता, तिला वाटलं, आणि एवढ्या वर्षांनी अचानक हातातला चंबू हलका झाला. मग आडाचं पाणी. इथं हात आवरावा लागला. पहिल्याच थेंबांना निळे डोळे मोठे उघडायला लागले. तिनं चावी जवळजवळ बंद केली. नळीच्या टोकाला अर्धा थेंब लोंबत होता, पडेना. तिनं चंबूची मान टोकाला लावून तो अर्धा थेंब काचेवर उतरवून घेतला आणि हलवलं. निळं. तिनं डोळा आकड्याच्या सरळ रेषेत नेला.

"तीन पूर्णांक सहा. औरादचं चोवीस पूर्णांक आठ."

सर उठले. त्यांनी आडाच्या पाण्याचा दुसरा चंबू भरला आणि स्वतः केलं.  तीन पूर्णांक सहा.

"हे कुठं शिकलीस?"

"पोरं सांडून जायची, त्यातलं. धुवायच्या आधी."

"मला कधी कळलं नाही."

"तुमी इचारलं न्हाई, सर."

ती वाट बघत होती, की आता त्यांना ते आठवेल: ती मुलगी, ते चाळीस हसणं, तो नळ. त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही उमटलं नाही. त्यांना आठवतच नव्हतं. इतकी वर्षं जी गोष्ट तिनं पदराच्या गाठीसारखी बाळगली, ती त्यांच्यापाशी कधी नव्हतीच. क्षणभर तिला विचित्र वाटलं, चोरीला गेल्यासारखं. आणि त्याच क्षणी हेही वाटलं, की मग ती गाठ आपल्या एकटीचीच आहे, सोडायची तर आपणच सोडू. सरांनी कागदाची पिवळी पट्टी आडाच्या पाण्यात बुडवून रंग ताडून बघितला. "किंचित आंबटही आहे. लाल दगडातलं पाणी असंच असतं. असं कर, यात क्षार घाल. मी लिहून देतो. रोज घालायचे, रोज मोजायचं. मग जगतील तुझे लाल झिंगे."

घरी येताना तिनं तो कागद दोनदा उघडून वाचला. रोज घालायचं, रोज मोजायचं. चुकलं की मरायचं. आडात एवढं पाणी, आणि ते रोज दुसरं कुणीतरी व्हावं म्हणून तिनं चमचा घेऊन मागं लागायचं. बापानं कधी डबऱ्यात मीठ कालवलं नव्हतं. तो म्हणायचा, "डबरं उचलून नेता येत न्हाई, मेंढरं नेता येतात." चालता चालता ती रस्त्यातच थांबली, मागून सायकलवाला ओरडून गेला. उलटं का नाही? पाणी आहे ते आहे. याच पाण्यात ज्याचं पोट भरेल असा जीव कुठंतरी असेलच की. जगात सगळीच पाणी जड थोडीच आहेत.

"धना," तिनं फोनवर विचारलं, "तुझ्या कंप्युटरवर बघ. हलक्या, जरा आंबट पाण्यात कुठला झिंगा जगतो?"

"माय, तू अजून त्यातच हायस व्हय?"

"बघ म्हणलं तर."

बोटं आपटल्याचा आवाज.  "हाय एक. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याला असलंच पाणी लागतंय. जड पाण्यात मरतो." पुढचं वाचून धना म्हणाली, "पर माय, हे तर आणखी नाजूक हाय. लोक मशीन लावून पाणी हलकं करायलेत ह्याच्यासाठी. गरमी बी सोसत न्हाई. तू कामून एवढं जिवाला लावून घ्यायलीस?"

 "लोक मशीन लावून जे करायलेत ते नागव्वाच्या आडात फुकट हाय," एवढंच ती म्हणाली.

हैदराबादला शोभेच्या माशांच्या दुकानात खलील नावाचा माणूस होता. काचेच्या भिंतीच भिंती, निळा उजेड, शंभर पंपांची एकच घरघर. ते पट्टेवाले झिंगे त्यानं सगळ्यात आतल्या पेटीत ठेवले होते. जगदेवीनं बघितलं आणि बघतच राहिली: शेंदरी लाल आणि दुधासारखं पांढरं, कुणी बसून रंगवल्यासारखं.

"अम्मा, ये नाजुक माल है," खलील म्हणाला. "लोगां मशीन का पानी डालते, तो भी मर जाते. तुम वो लाल वाली चेरी ले जाओ."

"चेरी मेरे पानी में नै जीती. मेरे पानी का झिंगा होना मेरे को."

"तुम्हारे पानी में ऐसा क्या है?"

"कुछ नै है," ती म्हणाली. "वोइच तो होना इनको."

 खलीलनं जाळी उचलली. आठ दिले.

दिवाळी नुकतीच सरली होती, हवा गार होती. पेटीत महिनाभर आडाचं पाणी मुरवलं होतं, शेवाळ धरलं होतं. या वेळी तिनं पिशवी ओतली नाही. सलाइनची नळी आणून तिला गाठ मारली आणि झिंग्यांना नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून पेटीतलं पाणी थेंब-थेंब त्यांच्या भांड्यात सोडत बसली, तीन तास. ब्युरेटचाच हात. तिसऱ्या दिवशी एक गेला.  त्या दिवशी ती जेवली नाही, मेलेला तळहातावर घेऊन दाराच्या उजेडात उभी राहिली आणि मानेपाशी रेघ शोधली. रेघ नव्हती. प्रवासानं गेला असेल. उरलेले सात. आठव्या दिवशी सकाळी वाळूवर एक रिकामा, काचेसारखा पारदर्शक झिंगा पडलेला दिसला आणि तिला वाटलं, हाही गेला. मग कळलं, ती कात होती. सबंध, मिशांसकट, कुठंही न फाटता उतरवून ठेवलेला सदराच जणू. आणि त्याचा मालक पानामागं, नव्या रंगात, लाजल्यासारखा. जगदेवी मोठ्यानं हसली. एकटीच्या घरात आपलं हसू तिला अनोळखी वाटलं आणि आवडलं.

मग उन्हाळा आला. बिदरचं पठार तापलं, दुपारी वीज जायला लागली, पंप बंद पडायचा. तिनं पेटीच्या तिन्ही बाजूंना ओली पोती गुंडाळली, खिडकीला ओलं गोणपाट लावलं आणि दर थोड्या वेळानं तांब्यानं पेटीतलं पाणी उचलून उंचावरून पुन्हा पेटीत सोडायला लागली, बारीक धार, त्यांना हवा मिळावी म्हणून. दुपारच्या दुपारी ती अशी बसलेली असायची, एक हात तांब्यावर, एक हात पोत्यावर. नागव्वा दारातून डोकावून म्हणायची, "अक्का, लेकराला बी कुणी एवढं पंख्याखाली ठेवत न्हाई." जगदेवी पोतं पुन्हा भिजवायची. आतून मात्र विचार कुरतडत. हे काय करतोय आपण? कुणाला दाखवायला? लेकीला? सरांना? त्या पोरांना, ज्यांची आता लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत जात असतील? उन्हानं भिंतीतला लाल दगड तापून वास सुटायचा आणि त्या ग्लानीत तिला वाटायचं, आपणही एकदा कात टाकायला निघालो होतो आणि अर्ध्यातच राहिलो, कुणाला दिसलं नाही एवढंच. मग हातातला तांब्या आपसूक पाण्यात बुडायचा. थकवा यायचा, पण कंटाळा आला नाही. असं याआधी कुठल्या कामात झालं होतं ते तिला आठवत नव्हतं.

एप्रिलच्या अखेरीस सगळ्यात थोराड मादीच्या पोटाखाली मोहरीएवढे दाणे दिसले. मादी पायांनी त्यांना सारखी वारा घालत होती. जगदेवीनं कुणालाही सांगितलं नाही. नागव्वालाही नाही, फोनवर धनालाही नाही. ती नुसती पोती भिजवत राहिली. सत्ताविसाव्या दिवशी दाणे दिसेनासे झाले आणि पेटीत काहीच नव्हतं. ती दिवसभर काचेला नाक लावून बसली. खाल्ले असतील, विरघळले असतील. उन्हं कलली, खिडकीतून तिरपा उजेड शेवाळावर आला, आणि शेवाळाच्या एका काडीवर खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी चाललं. त्याला पट्टे होते. लाल, पांढरा, लाल.  एक दिसला म्हणून दुसरा दिसला, दुसरा दिसला म्हणून दहा. मग सगळं शेवाळच चालायला लागलं.

धना अचानक रजा काढून आली ती पावसाळ्याच्या तोंडावर. बॅग दारातच ठेवून ती पेटीसमोर वाकली. मोजायला लागली, साठाच्या पुढं चुकली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकली. मग काचेपासून तोंड न वळवताच म्हणाली, "माय, बेंगळुरूला ह्यांच्यासाठी लोकांचे गट हायत. मोठमोठे इंजिनेर. एकमेकाला इचारायलेत, कुणाची जगली का म्हणून." ती आईकडं वळली. "तू मला कामून सांगितलं न्हाईस?"

"निळं व्हायच्या आधी काय सांगू?" जगदेवी म्हणाली. धनाला ते कळलं नाही. पण तिनं आईचा हात धरला, पोत्याच्या पाण्यानं सुरकुतलेला, आणि बराच वेळ सोडला नाही.

खलीलला फोन केला तर त्याचा विश्वासच बसेना. त्याच्याकडचे पट्टेवाले केव्हाच संपले होते, म्हणजे मेले होते. "लाओ अम्मा," तो म्हणाला, "पैले देखूँगा." मायलेकी बसनं निघाल्या; जगदेवीच्या मांडीवर तीस झिंग्यांची पिशवी, पायांशी आडाच्या पाण्याचे दोन कॅन. कंडक्टर खवळला. "अक्का, हैदराबादला काय पाणी न्हाई व्हय? कामून न्यायलाव?" "हाय की," धनाच म्हणाली, "पर माझ्या मायनं निवडलेलं न्हाई." आणि खांद्यावरची ओढणी कॅनवर टाकून ती त्यावर पाय ठेवून ऐटीत बसली. कंडक्टर पुटपुटत पुढं गेला.

दुकानात खलीलनं पेटी तयार ठेवली होती. जगदेवीनं सरांकडून मागून आणलेली बाटली आणि भुकटी पिशवीतून काढली, त्याच्या पेटीतलं पाणी एका काचेच्या पेल्यात घेतलं आणि ड्रॉपरनं थेंब मोजत बसली. थेंब वाढत गेले. "ये औराद का पानी है," ती म्हणाली. खलीलला औराद कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. "इस में चेरी डालो, मस्त जीती. इनको नै." तिनं पेटी रिकामी करायला लावली. दुकानातल्या दोन पोऱ्यांनी बादल्यांनी पाणी उपसलं, खलीलनं स्वतः फडक्यानं काच पुसली आणि कॅन ओतले. पिशवीतलं पाणी प्रवासात तापलं होतं, म्हणून तिनं झिंगे त्या पाण्यासकट भांड्यात घेतले, नळीला गाठ मारली, थेंब सुरू केला.

गिऱ्हाईकं जमायला लागली होती. मोटरसायकलची टोपी काखेत धरलेला एक तरुण, चष्मेवाले एक डॉक्टर, मुलीला घेऊन आलेली एक बुरख्यातली बाई. डॉक्टरनी भांड्यात वाकून बघितलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाले, मग खलीलला विचारलं कुठून आणले, परदेशातून का. "बीदर से," खलील म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अशी मिजास होती की जसं काही त्यानंच ते जन्माला घातलेत. "ये मैडम बनाते." त्यानं गल्ल्यामागची आपली खुर्ची ओढून आणली. जगदेवी त्या खुर्चीत बसली. कुणी उभं राहून तिच्यासाठी खुर्ची आणली आणि ती बसली, हे सोपं नव्हतं; बसताना तिचे गुडघे क्षणभर कुणाच्यातरी परवानगीसाठी अडले. मग टेकली. चहा आला. तिनं तो डाव्या हातात घेतला, उजवा नळीच्या गाठीवर.

अर्धा तास झाला. "अब छोड़ देते, अम्मा?" खलीलनं विचारलं.

"नक्को. ठैरो."

तासाभरानं टोपीवाल्या तरुणानं घड्याळ बघितलं आणि पाय बदलून पुन्हा उभा राहिला, गेला नाही. डॉक्टर गेले नाहीत. छोटी मुलगी आईच्या बुरख्याला धरून काचेला नाक लावून बसली होती. शंभर पंप घरघरत होते, पण भांड्याभोवती अशी शांतता होती की थेंब पडल्याचं ऐकू यावं. एवढे लोक आपल्या हाताकडं बघतायत, जगदेवीला वाटलं, आणि एकही थेंब चुकत नाहीये. तिनं बोटानं भांड्यातलं पाणी चाचपलं, आणि मग, तिचं तिलाच कळायच्या आत, ओंजळभर घेऊन तोंडात घातलं, गालातून गालात फिरवलं. खलीलचे डोळे मोठे झाले. धना हसायला लागली आणि तोंडावर हात ठेवून थांबली. जगदेवीला कसलाही वास आला नाही, कसलाही चिखल नाही. नुसता जिभेवर एक पातळ, निसरडा, ओळखीचा हलकेपणा. तिनं पाणी रुमालात टिपलं, गाठ सोडली, आणि भांडं दोन्ही हातांनी उचलून पेटीच्या कडेला टेकवलं.

"आता," ती म्हणाली.